पाटी नसलेला प्रिंट स्टुडिओ: बडोद्यात व्यक्तिचित्रे छापून घेण्याचा अनुभव

दांडिया बाजारात आमचा पासपोर्ट आणि लग्नाच्या फोटोंचा जुना धंदा आहे. गेली चार वर्षे मी याच भागातील मराठी वृद्धांची कृष्णधवल व्यक्तिचित्रे काढत आलो आहे. त्यांतील बारा एका समूहप्रदर्शनासाठी निवडली गेली, तेव्हा माझ्या ध्यानात आले की, माझ्या संगणकात जे आहे त्याला कलादालनात काहीच किंमत नाही. भिंतीवर लागणारा, विकला जाणारा आणि उद्या कोणीतरी उलटून तपासणार असलेला कागद, तेवढेच चित्र. तो कागद ज्यांनी तयार करून दिला, त्या फतेगंजमधील छोट्या प्रिंट स्टुडिओविषयी हे लिहीत आहे. दारावर पाटी नाही आणि मालकांना ती नकोच आहे. येथील विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स विभागातील विद्यार्थ्यांना विचारले की ते जिन्यापर्यंत आणून सोडतात.

त्याआधी आमच्या नेहमीच्या लॅबमध्ये एक नमुना छापून पाहिला होता. तेथील ऑपरेटरने न विचारता आजींचा चेहरा उजळ केला, सुरकुत्या पुसल्या आणि वर चकचकीत लॅमिनेशन चढवले. त्याला बोल लावणे अवघड आहे, कारण वीस वर्षे आम्हीच त्याच्याकडून हे करून घेत होतो.

या स्टुडिओत पहिला दिवस छपाईशिवायच गेला. माझ्या मॉनिटरचा उजेड प्रमाणाबाहेर असल्यामुळे मी सगळ्याच फाइली गडद करून ठेवल्या होत्या, हे मालकांनी पहिल्या पाच मिनिटांत ओळखले. नंतर हानेम्यूले कंपनीच्या ‘फोटो रॅग’ या ३०८ जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला ३०८ ग्रॅम वजनाच्या), शंभर टक्के कापसाच्या कागदावर पिगमेंट शाईने, म्हणजे रंगकणांच्या टिकाऊ शाईने, त्यांनी चाचणीसाठी चार बोटे रुंदीच्या तीन पट्ट्या काढल्या आणि त्या वाळेपर्यंत मला चहाला पाठवले. चित्र होते काळ्या इरकली लुगड्यातील आजींचे, मागे अंधारे माजघर. मी कपाळ आणि डोळे न्याहाळत होतो; ते म्हणाले, “चेहरा जमलाच आहे हो, तुम्ही कानामागे पाहा.” पहिल्या पट्टीत पदर आणि अंधार एकजीव झाले होते. तिसरीत पदराचा काठ जेमतेम वेगळा दिसत होता, आणि तेवढ्याने आजी माजघरातून पुढे येऊन बसल्यासारख्या वाटल्या.

मालक फाइन आर्ट्समध्ये मुद्राचित्रण, म्हणजे ठशावरून चित्रांच्या प्रती छापण्याची कला, शिकले. ज्योती भट्ट यांच्यासारखा मुद्राचित्रकार ज्या शहरात कॅमेरा घेऊन लोककलेच्या मागे गावोगाव फिरला, तिथे मुद्राचित्रण शिकलेल्याने फोटो छापण्यात नवल नाही. मुद्राचित्रकाराची शिस्त त्यांच्या नोंदवहीत दिसते: प्रत्येक चित्राची फाइल, कागद, शाई, तारीख आणि क्रमांक. माझी आवृत्ती, म्हणजे एका चित्राच्या ठरलेल्या प्रती, पाच प्रतींची आणि वर दोन आर्टिस्ट्स प्रूफ, म्हणजे कलाकाराच्या स्वतःच्या प्रती. आज दोनच छापल्या असल्या, तरी तिसरी काही वर्षांनी हुबेहूब तशीच निघावी यासाठी ही वही आहे. नापास पट्ट्या त्यांनी माझ्यासमोर फाडल्या. आमच्या धंद्यात ग्राहक मागेल तितक्या प्रती काढायच्या असतात, त्यामुळे सहावी प्रत काढायची नाही हा नियम पचायला मला वेळ लागला. बडोद्याचे माजी दिवाण, तंजावरकडच्या मराठी घराण्यातील सर टी. माधवराव यांनी रविवर्म्यांना सुचवले होते ते नेमके उलट: चित्रांच्या प्रती काढा, म्हणजे ती सर्वांपर्यंत पोहोचतील. १८९४ मध्ये मुंबईत रविवर्म्यांचा छापखाना उभा राहिला आणि त्यांची चित्रे घरोघरी गेली. आज माझ्या चित्राची किंमत ते किती घरांत जाणार नाही यावर ठरते, आणि हे मला अजूनही थोडे खटकते.

१६ बाय २० इंचांच्या एका प्रिंटला २,४०० रुपये पडले. पट्ट्यांचे पैसे त्यातच आले. एवढी मेहनत पाहता ही रक्कम मला रास्त वाटली. वेळेच्या बाबतीत मात्र तक्रार आहे: दहा दिवसांचे काम बावीस दिवसांवर गेले, आणि फोन दुपारी चारनंतरच उचलला जातो. फ्रेमिंग ते करत नाहीत. त्याहून मोठा दोष पॅकिंगचा. इतका जाड कागद त्यांनी अरुंद नळीत गुंडाळून दिला, त्यामुळे दोन प्रिंट्सचे कोपरे दुमडले. ते त्यांनी बिनतक्रार पुन्हा छापून दिले आणि दुमडलेले ठेवून घेऊन फाडले. दुसऱ्या खेपेला मी घरूनच पुठ्ठ्याचे दोन मोठे तुकडे आणि बटर पेपर घेऊन गेलो.