स्कॉटलंड्सपीपल: बापाचा रकाना कोरा असेल तेव्हा

स्कॉटलंडमधल्या जन्मनोंदीत मुलाच्या नावाखाली ‘इल्लेजिटिमेट’, म्हणजे अनौरस, हा शब्द दिसला आणि बापाच्या जागी काहीच नसलं, की वंशावळ शोधणारे बरेच जण तिथेच पेन खाली ठेवतात. घाई होते ती. १८५५ मध्ये सरकारी नोंदणी सुरू झाल्यावर नियम असा होता, की अनौरस मुलाच्या बापाचं नाव लिहायचं ते आई-बाप दोघांनी मिळून मागणी केली आणि बापाने निबंधकासमोर सही केली तरच. म्हणजे कोऱ्या रकान्याचा अर्थ ‘बाप सही करायला आला नाही’ एवढाच. गावाला तो बहुतेक वेळा माहीत असे, चर्चला असे, आणि पुष्कळदा कोर्टालाही. या सगळ्यांचे कागद स्कॉटलंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या स्कॉटलंड्सपीपल या संकेतस्थळावर कितपत सापडतात, हे पाहण्यासाठी हे परीक्षण. थोडक्यात मत असं: चर्चपर्यंत ही साइट उत्तम साथ देते, कोर्टाच्या दारात मात्र हात टेकते.

आधी पैशांचं. खातं उघडणं आणि सूची शोधणं फुकट. नोंदीची प्रतिमा उघडायला क्रेडिट लागतात. ३० क्रेडिट साडेसात पौंडांना, आणि जन्म, लग्न किंवा मृत्यूची एक प्रतिमा ६ क्रेडिटला, म्हणजे दीड पौंडाला. एकदा उघडलेली प्रतिमा खात्यात राहते, पुन्हा पैसे पडत नाहीत. वर्गणीच्या साइट्सपेक्षा हा हिशेब आपल्याला बरा वाटतो, पण चुकीच्या नोंदी उघडत बसलं तर पाकीट लवकर हलकं होतं. कारण १९२९ च्या आधीच्या जन्मसूचीत आईचं माहेरचं आडनाव नसतं. ॲबर्डीनशायरमध्ये ‘जेम्स स्मिथ’ शोधून पाहा, म्हणजे कळेल.

म्हणून सुरुवात जन्मापासून करूच नका. मृत्यूची नोंद उघडा: स्कॉटलंडमध्ये तिथे आई-बाप दोघांची नावं, आईच्या माहेरच्या आडनावासह, मागितलेली असतात. मग लग्नाची. मग जन्माची. तीन प्रतिमा, १८ क्रेडिट, साडेचार पौंड. लग्नाच्या आणि मृत्यूच्या नोंदीत अनौरस माणसाचा बाप अचानक उगवतो, कधी ‘रेप्युटेड फादर’ म्हणून, म्हणजे लोक ज्याला बाप म्हणत तो. हा धागा पकडायचा, पण गाठ मारायची नाही. लग्नात लाज राखायला सावत्र बापाचं, आजोबांचं किंवा निव्वळ रचलेलं नाव दिलेलं असू शकतं, आणि मृत्यूची माहिती देणारा जावई किंवा शेजारी ऐकीव सांगतो. मूल सावत्र बापाच्या आडनावाने वाढलं असेल तर सूचीत आईचं, बापाचं आणि सावत्र बापाचं अशी तिन्ही आडनावं टाकून पाहावी लागतात.

आता जन्माची प्रतिमा नीट बघू. दुसऱ्या रकान्यात तारीख, वेळ आणि ठिकाण. (वेळ लिहिली म्हणजे जुळं, हा इंग्लंडचा ठोकताळा इथे लावू नका, स्कॉटलंडमध्ये सगळ्यांचीच वेळ लिहीत.) चौथ्यात फक्त आई आणि तिचं काम, बहुधा मोलकरीण किंवा शेतावरची गडीण. पाचव्यात माहिती देणाऱ्याची सही किंवा अंगठ्याऐवजी फुली. आणि डावीकडच्या समासात बारीक अक्षरात ‘आर.सी.ई.’, खंड, पान, तारीख. घाईत हाच भाग सुटतो. हे ‘दुरुस्त नोंदींचं रजिस्टर’. आईने शेरीफ कोर्टात, म्हणजे तिथल्या स्थानिक कोर्टात, पितृत्वाचा दावा लावून जिंकला, की कोर्टाचा कारकून निबंधकाला कळवायचा आणि तो निकाल या रजिस्टरात उतरायचा: अमुक घरकाम करणारी विरुद्ध तमुक नांगऱ्या, कोर्टाचं नाव, निकालाची तारीख, आणि मूल या दोघांचं असल्याचा निर्णय. एका ओळीच्या शेऱ्यामागे अख्खा बाप लपलेला असतो. आई-बापांनी नंतर लग्न केलं असेल तर स्कॉट्स कायद्याने मूल औरस ठरे, त्याचीही दुरुस्ती इथेच सापडू शकते. इंग्लंडला ही सोय १९२७ पर्यंत नव्हती.

समास कोरा असेल तर चर्चकडे वळा. साइटचा हा भाग आम्हाला सगळ्यांत आवडतो, आणि तो पाहायला फुकट आहे. २०२१ मध्ये कर्क सेशनची, म्हणजे गावच्या चर्चमधल्या वडीलधाऱ्यांच्या मंडळाची, इतिवृत्तं इथे आली. दहा लाखांहून अधिक पानं, १५५९ ते १९०० पर्यंतची. बिनलग्नाची गरोदर बाई मंडळापुढे ‘कंपीअर्ड’, म्हणजे हजर झाली, की पहिला प्रश्न बाप कोण हाच. मग त्या माणसाला बोलावणं जाई. तो कबूल करी, नाकारी किंवा गाव सोडून पळे, आणि कारकून सगळं उतरवून ठेवी. मूल पोसायचा खर्च गावावर पडू नये ही त्यामागची व्यावहारिक काळजी. पण या पानांना नावांची सूची नाही. पॅरिश, म्हणजे चर्चचा गाव-विभाग, निवडून खंड उघडायचा आणि जन्माच्या चार-पाच महिने आधीपासून पुढे वर्षभर पान-पान उलटायचं. काही सापडलं नाही तर लक्षात घ्या, की १८४३ मध्ये स्कॉटलंडचं चर्च फुटून फ्री चर्च वेगळं निघालं. कुटुंब फ्री चर्चचं असेल तर त्यांचं मंडळ वेगळं आणि वहीही वेगळी.

बाप आणि आई एकाच गावचे असतीलच असं नाही. शेतावरचे गडी सहा-सहा महिन्यांच्या कराराने राहत आणि मे व नोव्हेंबरमध्ये जागा बदलत, आपल्याकडे सालगडी पाडव्याला बदलतात तसे. जन्मतारखेतून नऊ महिने वजा केले, की आई त्या हंगामात कुठल्या शेतावर होती हा खरा प्रश्न. बाळंतपणाला ती माहेरी आलेली असते, त्यामुळे जन्माच्या गावचं चर्च चाळून हाती काही लागत नाही आणि लोक साइटला नावं ठेवतात.

खरी उणीव पुढे आहे. शेरीफ कोर्टाच्या पितृत्व आणि पोटगीच्या दाव्यांचे मूळ कागद इथे मिळत नाहीत. त्यासाठी ‘ओल्ड स्कॉटिश’सारख्या खासगी सूचीकडे जावं लागतं. १८४५ नंतरचे गरीब-मदतीचे अर्जही बहुतेक बाहेरच. ग्लासगोचे मिचेल लायब्ररीत आहेत, आणि अर्ज करणाऱ्या आईकडून बापाचं नाव तिथेही विचारलं जाई. साइटवर याचा ठळक इशारा असता तर बरं झालं असतं. शिवाय जन्माच्या प्रतिमा १०० वर्षं, लग्नाच्या ७५ आणि मृत्यूच्या ५० वर्षं ऑनलाइन उघडत नाहीत.

पुणे, देवळाली, भुसावळकडची अँग्लो-इंडियन कुटुंबं स्कॉटिश पूर्वज शोधत इथे येतात. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे इथे शोधू नका. ते ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस कागदांत, एन/३ मालिकेत आहेत आणि फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या वर्गणीच्या साइटवर दिसतात. कंपनीच्या काळातल्या त्या नोंदींत चित्र नेमकं उलटं असतं: बापाचं नाव, हुद्दा, पलटण सगळं, आई भारतीय असेल तर बहुधा बिननावाची. अशा वेळी स्कॉटलंड्सपीपलवर मृत्युपत्रं पाहावीत. ती १९२५ पर्यंतची आहेत, एक १० क्रेडिटला. परदेशात मेलेल्या स्कॉट माणसाची मालमत्ता स्कॉटलंडमध्ये असेल तर त्याचं मृत्युपत्र एडिंबरोच्या कोर्टात नोंदलं जाई, म्हणून गावाऐवजी एडिंबरो निवडा. आणि वाचताना ‘नॅचरल’ या शब्दावर नजर ठेवा: ‘नॅचरल सन’, ‘नॅचरल डॉटर’ म्हणजे अनौरस मुलगा, मुलगी. बाप्तिस्म्यात वगळलेली आई एखाद्या वर्षासनाच्या कलमात नावानिशी भेटू शकते.