दहा बोटांचा अहवाल आणि माझे 14,800 रुपये

मोफत तपासणी, सवलतीचा शेवटचा दिवस आणि पांढरा कोट हे तिन्ही एकत्र आले की पुढे काय होते, हे सगळ्यांना ठाऊक असते. मलाही ठाऊक होते, आणि तरीही मी 14,800 रुपये घालवून बसलो.

सकाळी उठून पहिले पाऊल टेकताच टाचेत खिळा रुतल्यासारखी कळ येत असे, आणि परसात तासभर कुदळ चालवली की दुसऱ्या दिवशीचे फिरणे बुडत असे. अशातच आमच्या वसाहतीच्या सभागृहात पाऊल तपासणीचे शिबिर भरले. मोज्यांसकट काचेच्या पाटावर उभे केले, पडद्यावर लाल-पिवळे डाग उमटले, आणि ‘कमान ढासळली आहे, वर्षभरात गुडघे जातील’ अशी भीती घालून 11,500 रुपयांचे ‘मापाचे’ बूट व 3,300 रुपयांचे इनसोल माझ्या गळ्यात मारले.

कारखान्यातील अपघातात माझ्या उजव्या पायाची करंगळी गेलेली आहे. हातात पडलेल्या छापील अहवालात मात्र दोन्ही पावलांना पाच-पाच बोटे होती. सौभाग्यवती तिथेच हळूच म्हणाल्या, “अहो, तुमची करंगळी परत आली की!” मी त्यांनाच गप्प केले. यंत्र उरलेले चित्र अंदाजाने भरत असेल, असे 31 वर्षे यंत्रांवर काढलेला मी त्यांना समजावत होतो, आणि समजावता समजावता मोबाइलवर पिन टाकत होतो. नोकरीत सेफ्टी शूज कंपनीच देत असल्यामुळे बूट पारखण्याची वेळ माझ्यावर कधी आली नाही, हेही खरे आहे. शिवाय दुखणे माणसाला भोळा करते.

26 दिवसांनी आलेले बूट मधोमध घडी पडणारे निघाले. चालण्याचा बूट बोटांच्या सांध्यापाशी वाकावा, टाचेमागची बाजू अंगठ्याने दाबली तरी चेपली जाऊ नये आणि दोन्ही टोके धरून पिळला तर फडक्यासारखा पिळवटू नये. हे अर्ध्या मिनिटात कळते, पण आगाऊ पैसे भरणाऱ्याच्या हातात बूट असतो कुठे? बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, दोन्ही पायांत घालूनच घ्या.

700 रुपये घेणाऱ्या खऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांनी तळव्याच्या पट्ट्याला सूज असल्याचे, म्हणजे प्लांटर फॅसायटिसचे, निदान केले, पोटरी ताणण्याचे व्यायाम दिले आणि घरातल्या फरशीवरही अनवाणी चालणे बंद केले. सपाट, म्हणजे कमान ढासळलेले, पाऊल दुखत नसेल तर त्याला बहुधा उपचारच लागत नाहीत, हेही तेव्हाच कळले. मधुमेहाने ज्यांच्या पायाची संवेदना कमी झाली आहे, त्यांना बूट चावल्याचेही कळत नाही. त्यांनी अशा शिबिरांपासून लांबच राहावे आणि डॉक्टरांना एमसीआर, म्हणजे मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या, चपलांबद्दल विचारावे.

पावतीवर पत्ता नव्हता, जीएसटी क्रमांक नव्हता आणि फोन बंद होता. वसाहतीच्या कार्यालयाने 2,000 रुपये भाडे घेऊन सभागृह दिले होते, पण भाडेकरूचे नाव लिहून ठेवण्याचे कष्ट घेतले नव्हते. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकला. पोलीस चौकीत पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तावर, दुसऱ्या दिवशी झेरॉक्स अपुऱ्या, आणि तिसऱ्या दिवशी ‘माल मिळाला ना, मग ही दिवाणी बाब’ असा निकाल! ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही आणि मुदत 2 वर्षांची असते, पण तक्रार करायला समोरच्याचा पत्ता लागतो. म्हणून पैसे देण्याआधी पक्के बिल मागा.

चौथ्या खेपेला अर्जाला तो अहवाल जोडला आणि मोजा काढून पाय दाखवला. हवालदारांनी कागद उलटसुलट करून विचारले, “काका, यात तुमचा पाय कोणता?”