रेडकॅप: प्रशासकीय समन्वयासाठी वापरल्यानंतरचा अनुभव

अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात २००४ मध्ये विकसित झालेली, संशोधनाची माहिती ऑनलाइन गोळा करणारी रेडकॅप ही संगणक प्रणाली बहुतेकांना रुग्णांची माहिती नोंदवण्यासाठी ठाऊक आहे. आम्ही मात्र गेले काही महिने ती अनेक केंद्रांवर अनेक प्रमुख संशोधक असलेल्या वैद्यकीय संशोधन कार्यक्रमाच्या प्रशासकीय समन्वयासाठी वापरत आहोत. एथिक्स कमिटीच्या (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीच्या) मंजुरीची मुदत, जीसीपी (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांचे आचारनियम) प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे, करारांची स्थिती आणि कोणते काम कोणावर सोपवले आहे याची यादी हे सारे पूर्वी एक्सेलमध्ये असे आणि प्रत्येक केंद्राकडे त्याची निराळी प्रत असे.

खरा फरक पडला तो प्रोटोकॉलच्या, म्हणजे अभ्यास कसा करायचा हे सांगणाऱ्या लेखी आराखड्याच्या आवृत्त्यांच्या बाबतीत. प्रोटोकॉलमध्ये दुरुस्ती झाली की ती प्रत्येक केंद्राच्या कमिटीपुढे स्वतंत्रपणे जाते आणि मंजुरी वेगवेगळ्या दिवशी मिळते. त्यामुळे काही काळ एका केंद्रात जुनी व दुसऱ्या केंद्रात नवी आवृत्ती लागू असते, आणि दोन्ही केंद्रे नियमाला धरूनच वागत असतात. ‘सध्याची आवृत्ती’ असा एकच रकाना ही स्थिती दाखवू शकत नाही. आम्ही प्रत्येक केंद्राची एक नोंद ठेवून तिच्याखाली दर दुरुस्तीसाठी पुन्हा भरता येणारा अर्ज (फॉर्म) जोडला आणि त्यात कमिटीकडे सादर केल्याची, मंजुरीची, कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची व प्रत्यक्ष वापराची तारीख वेगळी ठेवली. एखाद्या सहभागीने संमतीपत्राच्या योग्य आवृत्तीवर सही केली होती का, हे मॉनिटरने (अभ्यासाच्या नोंदी तपासायला येणाऱ्या व्यक्तीने) विचारल्यास आता जुने ईमेल उपसावे लागत नाहीत.

वापरकर्त्यांचे केंद्रानुसार गट पाडणाऱ्या ‘डेटा अ‍ॅक्सेस ग्रुप’ या सोयीमुळे प्रत्येक केंद्राला केवळ स्वतःच्या नोंदी दिसतात, तर समन्वय कार्यालयाला सर्व दिसतात. कोणी काय बदलले याची नोंद प्रणाली आपोआप ठेवते. मुदत संपण्यापूर्वी जाणारे ईमेलही उपयोगी आहेत, मात्र ते प्रमुख संशोधकाबरोबर केंद्राच्या समन्वयकालाही जातील असेच ठरवावे. उत्तर बहुधा समन्वयकाकडूनच येते, हे या क्षेत्रातील प्रत्येकाला माहीत आहे.

खर्चाचा ताळमेळ ठेवण्यासाठी मात्र ही प्रणाली वापरू नये. बेरजा होतात, पण ते हिशेबाचे सॉफ्टवेअर नव्हे. लेखा विभागाची नोंद तिथेच राहू द्यावी. शिवाय ना-नफा संस्थांना परवाना विनामूल्य मिळत असला, तरी सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस संस्थेलाच पुरवावा लागतो. प्रकल्प प्रॉडक्शन स्थितीत, म्हणजे प्रत्यक्ष वापरात गेल्यावर अर्जांतील बदल आधी मसुदा म्हणून करावे लागतात आणि त्यांना बहुधा प्रशासकाची मान्यता लागते. सुरुवातीला हे जाचक वाटते, परंतु उत्तराच्या पर्यायांना दिलेले संकेतांक मध्येच बदलल्यास आधीच्या नोंदींचा अर्थ बदलू शकतो, हे लक्षात घेता ती अट योग्यच आहे.

दोन-तीन केंद्रांच्या अल्पकालीन अभ्यासाला नीट सांभाळलेली एकच सामायिक शीट पुरेल. त्याहून मोठ्या कार्यक्रमात रेडकॅप आणायचे असल्यास, एकाच केंद्रातील दोन संशोधकांपैकी नोंद कोण भरणार हे अर्ज तयार करण्यापूर्वीच लेखी ठरवून घ्यावे.