एटीव्हीची चाकं तिरकी: टेप की दोरी?

हँडल सरळ धरूनही एटीव्ही (जाड टायरांची, हँडलची चारचाकी) एका बाजूला ओढते? आधी टायरांतली हवा आणि टाय रॉडचे (हँडलचं वळण चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्यांचे) सांधे तपासा. सांधे ढिले असतील तर कुठलंही माप फसवं.

मग चाकं किती तिरकी आहेत ते मोजायचं. मोजायच्या टेपचं काम झटपट. पुढच्या टायरांमधलं अंतर हबच्या (चाकाच्या मध्याच्या) उंचीवर पुढून आणि मागून मोजायचं, फरक म्हणजे टो, चाकं पुढून किती आत किंवा बाहेर वळलीत ते. पण दोष डाव्या चाकात की उजव्या, ते कळत नाही.

दोरीला वेळ लागतो, तरी माझा कौल तिलाच. दोन्ही बाजूंना गाडीच्या मध्यरेषेशी समांतर दोऱ्या ताणा, टायरला टेकवू मात्र नका, कारण पुढची-मागची रुंदी बहुधा वेगळी असते. प्रत्येक रिमच्या दोन्ही कडांपासून दोरीपर्यंत मोजा. मागची दोन्ही चाकं एकाच दिशेला वळलेली दिसली, तर पुढचे टाय रॉड फिरवून उपयोग नाही. स्विंगआर्म (मागचा ॲक्सल धरणारा हात), बेअरिंग, ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) बघा.