पॅट बेनटार ऐकायची, गायची तर कुठल्या अल्बमपासून? बेळगावकडच्या गाणाऱ्यांसाठी तुलना

सीमाभागात गाणं शिकायचं म्हटलं की पेटी, तबला आणि तानपुरा आलाच. कुमार गंधर्वांचा जन्म इथल्याच सुळेभावीचा, आणि बेळगाव, खानापूर, निपाणीत गायनाचे वर्ग आजही भरतात. अशा वर्गात चार-पाच परीक्षा दिलेली मुलगी कॉलेजात गेल्यावर गिटार-ड्रम्सवाल्या बँडपुढे माईक घेऊन उभी राहते. सूर पक्का असतो, दमसास असतो, तरीही रॉक गाताना आवाज एक तर दबतो नाहीतर फाटतो. तिने आधी कुणाला ऐकावं, याचं आमचं उत्तर ठरलेलं आहे: पॅट बेनटार. ती 1953 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जन्मली, लहानपणी ऑपेराच्या तालमीत गळा तयार केला, मग ते सोडून काही काळ बँकेत नोकरी केली आणि शेवटी रॉककडे वळली. शिकलेला गळा रॉकमध्ये कसा वापरायचा, हे तिच्या अल्बमांतून अगदी स्वच्छ ऐकू येतं.

अडचण एवढीच की अल्बम पुष्कळ आहेत आणि सगळे एका जातीचे नाहीत. 1979 ते 1985 या सात वर्षांत तिचे सात अल्बम आले. खरी निवड त्यातल्या चारांत आहे: 'इन द हीट ऑफ द नाइट' (1979), 'क्राइम्स ऑफ पॅशन' (1980), 'प्रेशस टाइम' (1981) आणि 'गेट नर्व्हस' (1982).

फक्त ऐकायचं असेल तर 1980चा 'क्राइम्स ऑफ पॅशन' घ्या, फार विचार करू नका. निर्माता कीथ ओल्सन. एका बाजूला नील गिराल्डो, दुसऱ्या बाजूला स्कॉट सेंट क्लेअर शीट्स अशा दोन गिटार, बेसवर रॉजर कॅप्स आणि ड्रम्सवर मायरन ग्रॉमबाकर. दहाच्या दहा गाण्यांत आवाज सगळ्यांत पुढे आणि कोरडा ठेवलाय, प्रतिध्वनीचा मुलामा फार कमी. त्यामुळे शब्द कुठे तोडला, श्वास कुठे घेतला हे साध्या इअरफोनवरसुद्धा कळतं. अल्बम अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला आणि त्यासाठी तिला पहिला ग्रॅमी, म्हणजे अमेरिकेतला मोठा संगीत पुरस्कार, मिळाला. तो धरून सलग चार वर्षं हा सन्मान तिच्याकडेच राहिला.

सगळ्यांना ठाऊक असलेलं 'हिट मी विथ युअर बेस्ट शॉट' याच अल्बममध्ये आहे. बँडला ते सोपं वाटतं आणि नवख्या बँडची पहिली पसंती हमखास तीच असते. आमचा सल्ला असा की ते पहिलं गाणं म्हणून बसवू नका. चाल सोपी आहे, पण सगळा भार शब्दांच्या फेकीवर आहे. आलापाची सवय असलेला गळा प्रत्येक शब्दाच्या शेवटी सूर रेंगाळवतो आणि गाण्याची धार जाते. शिवाय बंदुकींच्या हिंसाचाराचा निषेध म्हणून 2022 पासून बेनटारने स्वतःच ते मंचावर गाणं थांबवलंय.

'हेल इज फॉर चिल्ड्रन' ही याच अल्बममधली सगळ्यांत मोठी गोष्ट. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात लहान मुलांच्या छळावरच्या बातम्या वाचून ते लिहिलं गेलं. सुरुवात संथ, सहा मात्रांच्या झोक्यावर; दादरा अंगात भिनलेल्या गायिकेला ती लय पटकन सापडते. शेवटी मात्र लय बदलून गाणं धावत सुटतं, आणि कच्चे बँड नेमके तिथेच कोसळतात. ड्रमर आधी पळतो, गिटारवाले मागून येतात. उपाय साधा आहे: लय जिथे बदलते तिथले फक्त आठ-दहा आवर्तनं वेगळी काढून वीस-पंचवीस वेळा वाजवा, मग अख्खं गाणं जोडा. आणि गॅदरिंगला गाणार असाल तर विषय काय आहे ते आधी दोन वाक्यांत मराठीत सांगा. नुसता ठेका ऐकून टाळ्या वाजवाव्यात असलं ते गाणं नाही.

आता गायला काय घ्यायचं. इथे उत्तर बदलतं. गाणाऱ्यासाठी 1981चा 'प्रेशस टाइम' सरस आहे. अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलेला तिचा हा एकमेव अल्बम. पण अख्खा अल्बम म्हणून तो 1980च्या तोडीचा नाही, हेही सांगायला हवं. एलपीच्या दुसऱ्या बाजूला कुठे रेगेचा झोक, कुठे सॅक्सोफोन, शेवटी बीटल्सचं 'हेल्टर स्केल्टर', अशी सरमिसळ आहे. सोनं आहे ते पहिल्या दोन गाण्यांत: 'प्रॉमिसेस इन द डार्क' आणि 'फायर अँड आइस'.

पहिल्याची उघडझाप नीट ऐका. सुरुवातीला पियानो आणि आवाज, बाकी काही नाही. ती इथे जवळजवळ बोलल्यासारखी गाते, सूर छातीतला पण दाब अजिबात नाही. ओळीचा शेवटचा स्वर आधी सरळ धरते आणि अगदी शेवटी थोडा कंप देते. मग गिटार आणि ड्रम्स येतात, लय चढते आणि तोच गळा पूर्ण उघडतो. विलंबितातून द्रुतात जायची सवय असलेल्या मुलीला हा आराखडा ओळखीचा वाटेल; तिची तालीम इथे खरोखर कामी येते. 'फायर अँड आइस'मध्येही कडवी आवरून धरलेली आणि ध्रुवपद मोकळं. त्या गाण्याला ग्रॅमी मिळालं ते उगीच नाही.

पण धोका कुठे आहे तेही बघा. आपल्याकडे बायकांचा षड्ज बहुधा काळी चार किंवा काळी पाच. ख्यालात तार षड्जाला आपण वाट बघायला लावतो, पोचलो की थोडं थांबतो आणि परत खाली येतो. बेनटारची ध्रुवपदं तार षड्जाच्या आसपास आणि त्याच्याही वर मुक्कामच ठोकतात, तेही भरल्या आवाजात. एका गाण्यात असं तीन-चारदा. छातीचा आवाज जसाच्या तसा वर रेटला की तिसऱ्या ध्रुवपदाला गळा बसतो, आणि दुसऱ्या दिवशी रियाजाला खर्जही लागत नाही.

म्हणून आधी पट्टी ठरवा. गिटारवाला म्हणेल, मूळ पट्टीतच वाजवू. ऐकू नका. गिटारच्या सहाही तारा अर्ध्या स्वराने उतरवल्या तर गायिकेला मोठा दिलासा मिळतो आणि बोटांची ठेवण बदलत नाही. अख्खा एक स्वर उतरवला तर नऊ गेजच्या (बारीक जाडीच्या) तारा सैल पडून खडखडतात. तेव्हा दहाचा सेट लावा. कॅपोने (गिटारच्या मानेवर लावायच्या चिमट्याने) पट्टी चढते, उतरत नाही, हे नव्या वादकांच्या उशिरा ध्यानात येतं. बेसही तेवढाच उतरवायचा, आणि कीबोर्ड असेल तर ट्रान्सपोज (पट्टी बदलायची सोय) तेवढ्याच घरांनी खाली. कार्यक्रमाच्या दिवशी हमखास होणारी चूक म्हणजे कीबोर्ड बंद करून परत चालू केला की ट्रान्सपोज शून्यावर येतो, आणि पहिल्याच ठोक्याला दोन पट्ट्या एकमेकींवर आदळतात. मंचावर चढल्यावर गिटारची एक तार आणि कीबोर्डचा एक सूर जुळवून पाहायला दहा सेकंद लागतात. तेवढी द्या.

दुसरी अडचण मींडेची. आपण खालून सूर घेत वर जातो. ती थेट सुरावर उतरते, ड्रमच्या ठोक्याबरोबर. मींड घेत गेलं की सूर बरोबर लागतो पण उशिरा लागतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं गायिका मागे पडली. पहिले काही दिवस गाण्याच्या ओळी सरगमसारख्या तुटक म्हणा, एकेक स्वर ठोक्यावर. मग शब्द घाला. माईक ओठांपासून दोन बोटांवर, ध्रुवपदाला वीतभर लांब. भजनाच्या माईकसारखा लांब धरलात तर कडव्यातला हळू आवाज ड्रम्सखाली गाडला जाईल, आणि साउंडवाल्याने आवाज वाढवला की शिट्टी सुरू.

आता 1982चा 'गेट नर्व्हस'. यात शीट्स गेला आणि कीबोर्डवर चार्ली जोर्डानो आला. हाच पुढे ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ई स्ट्रीट बँडमध्ये दाखल झाला. दोन गिटारची टक्कर जाऊन एक गिटार आणि कीबोर्ड असा नवा तोल आला. सीमाभागातल्या बँडसाठी ही बाब फार मोलाची आहे. आपल्याकडे दोन तोडीचे रॉक गिटारवादक एका बँडमध्ये मिळणं अवघड; ऑर्केस्ट्रात किंवा भजनी मंडळात हात बसलेला कीबोर्डवाला मात्र कुठल्याही गल्लीत मिळतोय की. तुमच्या बँडची ठेवण अशी असेल तर 1980-81च्या गाण्यांशी झुंजत बसण्यापेक्षा इथून गाणी उचला.

'शॅडोज ऑफ द नाइट' हे याच अल्बमचं पहिलं गाणं आणि तिच्या तिसऱ्या ग्रॅमीचं कारण. ते तिच्याच आवाजाच्या थरांनी उघडतं, वाद्यांचा आधार जवळपास नाही. मंचावर तेवढे आवाज आणायचे कुठून? ड्रमर सोडून दोघांना तिसरा आणि पाचवा सूर वाटून द्या आणि कीबोर्डवाल्याला आधी एकच कॉर्ड हळू वाजवायला सांगा. कॉर्ड न देता सुरू केलं तर तिघेही एकत्र अर्धा स्वर सरकतात, कळत कुणालाच नाही, आणि वाद्यं आल्यावर सगळं उघडं पडतं.

1979च्या पहिल्या अल्बमचं थोडं वेगळं आहे. 'हार्टब्रेकर' ऐकून लोक तो घेतात, आणि गाणं आहेही जबरदस्त, पण बाकी अल्बम चाचपडतोय. निम्मी गाणी इतरांची आधीची, त्यात जॉन मेलनकॅम्पचं आणि ॲलन पार्सन्स प्रोजेक्टचंही. तरी 'वी लिव्ह फॉर लव्ह'साठी तो ऐकायलाच हवा. गिराल्डोने लिहिलेल्या या गाण्यात ती वरचे सूर डोक्यातल्या हलक्या आवाजात घेते, रेटा नाही. छातीचा आवाज ओढून थकलेल्या गायिकेने हे गाणं आणि 1980च्या अल्बममधलं केट बुशचं 'वदरिंग हाइट्स' एकापाठोपाठ ऐकावं. ऑपेराच्या तालमीतला गळा सर्वांत उघड दिसतो तो या दोन ठिकाणी.

1983च्या 'लाइव्ह फ्रॉम अर्थ'मध्ये आठ गाणी मंचावरची आणि दोन स्टुडिओतली आहेत. लोक तो घेतात ते स्टुडिओतल्या 'लव्ह इज अ बॅटलफील्ड'साठी. हे गाणं मुळात संथ लिहिलं होतं. गिराल्डोने लय वाढवली आणि ड्रम मशीन घातलं. ते बसवायचं तर ड्रमरच्या कानात क्लिक, म्हणजे लय धरणारी टिकटिक, हवाच, नाहीतर मशीनची सलग चाल हाताने टिकत नाही. पण बँडला या अल्बमचा खरा उपयोग दुसराच आहे. 'प्रॉमिसेस इन द डार्क', 'फायर अँड आइस', 'हेल इज फॉर चिल्ड्रन' ही दोन गिटारची गाणी इथे एका गिटारवर आणि कीबोर्डवर वाजवली आहेत. दुसऱ्या गिटारचा भाग कीबोर्डने कुठे उचलला आणि कुठे सरळ सोडून दिला, ते ऐकून तसंच उतरवून घ्या. घरबसल्या मांडणी तयार मिळते.

त्यानंतरचं झटपट. 'ट्रॉपिको' (1984) तिने गरोदरपणात केला. आवाज मवाळ, कीबोर्ड भरपूर, 'वी बिलाँग'मध्ये लहान मुलांचा कोरस. शांत ऐकायला सुरेख, चार जणांच्या बँडने उभा करायला कठीण. 'सेव्हन द हार्ड वे' (1985) 'इन्विन्सिबल'पुरता. 'वाइड अवेक इन ड्रीमलँड' (1988) मध्ये 'ऑल फायर्ड अप' आहे, आणि तिशी उलटलेल्या गळ्याला ते सुरुवातीच्या गाण्यांपेक्षा जास्त मानवतं, कारण त्यात किंचाळीपेक्षा वजन आहे. 'ट्रू लव्ह' (1991) मध्ये रॉक सोडून ती ब्लूजकडे गेली, ब्रासच्या साथीने. ठुमरी-दादरा आवडणाऱ्यांनी तो जरूर ऐकावा, पण रॉक समजून घेऊ नये. 1993, 1997 आणि 2003चे अल्बम आधीचे सगळे पचल्यावर.

एक-दोन गोष्टी घेण्याबद्दल. 'बेस्ट शॉट्स' हे संकलन स्वस्तात मस्त वाटतं, पण एकल गाण्यांच्या त्या रांगेत अल्बममधली शांत गाणी, अल्बमची चढउतार, हे सगळं निसटतं. गायला शिकणाऱ्याला ती चढउतारच हवी असते. मोबाईलवर ऐकणार असाल तर गाण्याच्या नावापुढे 'लाइव्ह' किंवा पुढच्या काळातलं साल आहे का ते पाहा. नंतरच्या मैफलींत पट्टी आणि लय बदललेली असू शकते, आणि बँडमधला एक जण स्टुडिओची, दुसरा मंचावरची चाल पाठ करून येतो. सगळ्यांनी एकच ध्वनिमुद्रण धरावं, शक्यतो फाइल एकानेच पाठवावी.

जुनी एलपी मिळाली तर आनंदच. फक्त खानापूर, बेळगावचा पावसाळा ध्यानात ठेवा. जूनपासून कव्हरच्या पुठ्ठ्याला बुरशी धरते आणि तिथून ती खाचांत उतरते. रेकॉर्ड आतल्या प्लास्टिकच्या पिशवीत, कव्हर वेगळं, सगळं उभं ठेवायचं, आडव्या चळतीत नाही. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या, आणि गौरी-गणपतीच्या सुमारास त्या बदलायच्या. बुरशीचे ठिपके दिसले तर ओल्या फडक्याने घासू नका. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवलेल्या मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने गोल फिरवा आणि सावलीत उभी वाळवा. सुई लावायची ती पूर्ण वाळल्यावरच.