जुनी वॅगनआर की जुनी थार?

कोल्हापुरात जुनी गाडी घ्यायची, तर माझा कौल वॅगनआरला. थार मनापासून आवडते, तरीही.

महाद्वार रोडच्या गर्दीत उंच, आखूड वॅगनआर सहज वळते. आजीला साडी सावरत बसता येतं, उतरता येतं. २०१९ च्या मॉडेलला ३४१ लिटरची डिकी आहे, आणि उद्यमनगरात हिचं काम न येणारा मेस्त्री सापडणं अवघड. २०२० च्या थारला मात्र मागचं धरून तीनच दारं. मागं बसायचं तर पुढची सीट दुमडून चढावं लागतं, आणि बहुतेक गाड्यांत माणसं चारच. घरात म्हातारं माणूस असेल तर विषय तिथंच संपला.

पण पावसाळ्यात गगनबावड्याकडं निघालं की थारची बाजू खरी वाटते. २०२० च्या थारला फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद, आणि हळू पण जास्त जोरानं ओढणारे लो रेंज गिअर आहेत. चिखलाच्या पाणंदीत वॅगनआर रुतेल तिथून ही निघते. शेतावर रोज जाणं असेल तर ती चैन नव्हे, गरज.

सुरक्षिततेत थार पुढं आहे. गाड्या धडकवून सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपमध्ये तिला २०२० साली पाचपैकी चार तारे मिळाले, वॅगनआरला २०२३ मध्ये एकच. मधल्या काळात चाचणी कडक झाली, तरी हा फरक मला टोचतो.

थारच घेणार असाल तर गाडी लिफ्टवर चढवून खालचा गंज आणि ठोके बघा. लो रेंज टाकून चालवल्याशिवाय बयाणा देऊ नका.