मायएसक्यूएलवरून पोस्टग्रेसवर: आठ महिन्यांनंतर

घाऊक व्यापाऱ्यांसाठीचं आमचं बिलिंग सॉफ्टवेअर मायएसक्यूएल या डेटाबेसवरून पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर आणून आठ महिने झाले. डेटा दोन शनिवार-रविवारांत हलला. क्वेरींचा (डेटाबेसला दिलेल्या आज्ञांचा) वेग जागेवर यायला मात्र तीन महिने लागले, आणि सगळ्यात जास्त छळलं ते एका साध्या डिलीटने.

पाचशे रद्द बिलं काढायला चार मिनिटं! बिल क्रमांक तर प्रायमरी की (ओळीची एकमेव ओळख, जिच्यावरून ती लगेच सापडते), मग वेळ जातो कुठे? एक्सप्लेन अ‍ॅनलाइझ लावलं. (ते टप्प्याटप्प्याचा वेळ दाखवतं, पण क्वेरी खरोखर चालवून. आधी बिगिन, शेवटी सगळं मागे फिरवणारं रोलबॅक, नाहीतर बिलं गेलीच.) ओळी शोधायला काही मिलिसेकंद. तळाशी फॉरेन कीच्या (एका टेबलमधून दुसऱ्यातल्या ओळीकडे बोट दाखवणाऱ्या कीच्या) ट्रिगरची, म्हणजे आपोआप चालणाऱ्या तपासणीची, ओळ होती, कॉल्स ५००, आणि उरलेला सगळा वेळ तिच्यापुढे. बिलातल्या मालाच्या टेबलमध्ये बिल क्रमांकावर इंडेक्सच (ओळ पटकन शोधून देणारी सूची) नव्हता. मायएसक्यूएलमध्ये डेटा साठवणारं इंजिन इनोडीबी फॉरेन कीसोबत तो आपणहून बनवतं, पोस्टग्रेस बनवत नाही, आणि स्कीमा (टेबलांची रचना) आम्ही हाताने नव्याने लिहिलेला. म्हणजे दर बिलामागे अख्खं टेबल वाचलं जात होतं. नव्या नोंदी न अडवता इंडेक्स बनवणारं क्रिएट इंडेक्स कन्करंटली चालवलं, दुकानांची बिलं फाटत असतानाच. तेच डिलीट आता सेकंदाच्या आत होतं.

ग्राहकाच्या नावाचा शोधही असाच अडला. पोस्टग्रेस लहान-मोठी इंग्रजी अक्षरं वेगळी धरतं म्हणून आम्ही सगळी अक्षरं लहान करणारं लोअर लावलं आणि साधा इंडेक्स बाद झाला. लोअरवरच इंडेक्स केला, प्रश्न मिटला.

सर्वांत उपयोगी पडलं ते पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स, म्हणजे कुठली क्वेरी किती वेळा चालली आणि किती वेळ खाल्ला याची नोंद ठेवणारं एक्सटेन्शन. ते शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीज या सेटिंगमध्ये घालून सर्व्हर एकदा रिस्टार्ट करावा लागतो. एकूण वेळेनुसार यादी लावली तर वर महिनाअखेरचा रिपोर्ट नव्हताच. तीन मिलिसेकंदांची, दिवसात लाखो वेळा चालणारी साठ्याची क्वेरी होती. आम्ही आठवडाभर भलत्याच क्वेरीमागे लागलो होतो.

एक तक्रार अजून आहे. इनोडीबी ओळी प्रायमरी कीच्या क्रमाने ठेवतं, त्यामुळे ग्राहकापासून सुरू होणाऱ्या आमच्या जुन्या जोड-कीमुळे एका ग्राहकाचे व्यवहार शेजारीशेजारी असायचे. पोस्टग्रेसमध्ये ते विखुरतात. ओळी पुन्हा क्रमाने लावणारी क्लस्टर कमांड आहे, पण ती टेबल पूर्ण कुलूपबंद करते आणि नंतरच्या ओळी पुन्हा विखुरतातच. इन्क्लूड घालून लागणारे कॉलम इंडेक्समध्येच ठेवले, तरी प्लॅनमध्ये हीप फेचेस (मूळ टेबलकडे मारलेल्या फेऱ्या) हजारोंनी दिसायचे. आपोआप साफसफाई करणारं ऑटोव्हॅक्यूम त्या टेबलवर लवकर-लवकर चालावं म्हणून त्याचा स्केल फॅक्टर ०.२ वरून ०.०२ केल्यावर हे फेचेस पुष्कळ उतरले. तरी मोठ्या ग्राहकाचा खातेउतारा पूर्वीइतक्या चटकन उघडत नाही.